गणपतीत माणसे मोजू नका

राजापूर तालुक्यातल्या चार-पाच गावांच्या घरोघरच्या लोकसंख्येचे वय आणि स्त्री-पुरुष असे चित्र प्रबंधासाठी हवे आहे, जनगणनेचा आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा जुळत नाही, म्हणून येत्या गणपतीत मित्रांना घेऊन आपणच पाहणी करावी असा विचार आहे, असे तुम्ही लिहिले आहे. वाचून हातातला चहा खाली ठेवला. हे सगळे मी २०१३ मध्ये केलेले आहे, अगदी ह्याच क्रमाने.

आधीच सांगतो, मी लोकसंख्याशास्त्र शिकलेलो नाही. एका लहान संस्थेसाठी गावांचे आराखडे करता करता हे अंगावर पडले. तुमच्या मार्गदर्शकांचे मत वेगळे असेल तर त्यांचे ऐका, गुण त्यांच्या हातात आहेत.

लिंग गुणोत्तर, साक्षरतेचा दर वगैरे तुम्हाला ठाऊकच असणार. (साक्षरता काढताना ० ते ६ वयाची मुले भाजकातून वजा करायची, एवढे मात्र तपासा. छापील अहवालांतही ही चूक पाहिली आहे.)

आता गणपती. आम्ही ते दिवस निवडले कारण पोरे रिकामी होती आणि घरे उघडी होती. एरवी वाडीत दहातली चार घरे कुलपात, मग माहिती विचारायची कोणाला? गणपतीत सगळे भेटतात. पाच दिवसांत तीन गावे उरकली आणि आम्ही स्वतःवर खूश होतो. तक्ते केले तर पुरुष आणि बायका जवळजवळ सारख्या. तरुण पुरुष भरपूर, लहान मुले भरपूर.

तेव्हाच शंका यायला हवी होती. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात ७,६१,१२१ पुरुष आणि ८,५३,९४८ स्त्रिया होत्या, म्हणजे हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. त्याच जनगणनेत महाराष्ट्राचा आकडा ९२९ आणि मुंबई शहराचा ८३२. आमच्या तीन गावांत हे अंतर अडीच वर्षांत मिटले कसे? पण आम्ही उत्साहात. ‘तरुण परत येताहेत’ असा एक परिच्छेदही मी लिहिला. तो कागद अजून जपून ठेवला आहे, डोके हवेत गेले की काढून वाचतो.

चूक फक्त तारखेची नव्हती. आमचा पहिला प्रश्न होता, “तुमच्या घरात माणसे किती?” कोकणातल्या म्हातारीला हा प्रश्न विचारा. ती विरारचा मुलगा, डोंबिवलीचा मुलगा, दोन सुना, नातवंडे असे सगळे मोजून “नऊ” म्हणेल, आणि शिमग्यानंतर त्या घरात ती एकटी असेल. ती खोटे बोलत नाही. तिच्या लेखी घर म्हणजे ज्यांचा गणपती एक ते सगळे. एका आजींनी तर ठणकावून सांगितले, “तो इथलाच हो, फक्त राहतो मुंबईला.” आम्ही लिहून घेतले, इथलाच. त्यात गणपतीला चाकरमानी समोर ओटीवर बसलेलाच होता, मग शंका तरी कोण घेणार!

पुढे २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आम्ही आराखडा वाचला. त्यात वाडीतल्या मुलांच्या संख्येवरून नवी खोली मागितली होती. मागे बसलेले एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, “ही पोरं दाखवा, मी लगेच सही करतो.” वाडीत तेव्हा आम्ही लिहिलेल्यांपैकी निम्मीही मुले नव्हती. सगळी पाहणी बाद. पोरांची मेहनत, झेरॉक्सचे पैसे आणि गावातला आमचा शब्द, तिन्ही गेले. पैसे त्यातल्या त्यात लवकर भरून निघाले.

म्हणून कळकळीने सांगतो, पहिला प्रश्न बदला आणि त्याचे दोन करा. एक, हा माणूस नेहमी इथे राहतो का? दोन, काल रात्री इथे झोपला होता का? दोन्ही उत्तरे प्रत्येक माणसापुढे वेगवेगळ्या रकान्यांत. आरोग्य पाहणीत नेमके हेच विचारतात, आणि घरातल्या लोकसंख्येचे बहुतेक तक्ते काल रात्री जे त्या घरात होते त्यांच्यावर बेतलेले असतात, मग तो पाहुणा का असेना. जनगणनेची रीत निराळी. २०११ मध्ये प्रगणक ९ ते २८ फेब्रुवारी फिरले. त्या वीस दिवसांत जो आपल्या नेहमीच्या घरी कधीही होता तो तिथे मोजला गेला, आणि जो पूर्ण काळ बाहेर होता तो जिथे होता तिथे. हिशोबाचा क्षण, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरतात तो, १ मार्च सुरू होतानाची मध्यरात्र. त्या वर्षी होळी १९ मार्चला होती, म्हणजे शिमग्याची गर्दी त्यात नाही. निव्वळ योगायोग, पण आपल्या कामाचा. तुमची पाहणीसुद्धा अशाच सुन्या दिवसांत करा. घरे बंद दिसतील. बंद घर हीसुद्धा माहितीच आहे, तशी नोंद करा आणि शेजाऱ्याला विचारून ते भरू नका.

आकडे न जुळण्याचे दुसरे कारण ‘घरोघरची लोकसंख्या’ ह्या शब्दांतच आहे. ती म्हणजे एकूण लोकसंख्या नव्हे. वसतिगृह, आश्रमशाळा, तुरुंग, अनाथाश्रम इथे राहणाऱ्यांना जनगणना ‘संस्थात्मक कुटुंब’ म्हणते. बेघरांची मोजणी वेगळी, ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. एकूण आकड्यात हे सगळे असतात, आरोग्य पाहणीच्या घरांत नसतात. जनगणनेच्या गावनिहाय मुख्य तक्त्यात, म्हणजे प्राथमिक गोषवाऱ्यात, ‘कुटुंबे’ म्हणून जो आकडा असतो त्यात संस्थात्मकही धरलेली असतात. त्यामुळे गावात एखादी निवासी शाळा असली तर शे-दोनशे मुलांचे ते एक ‘कुटुंब’ सरासरीत घुसते आणि तुम्ही प्रबंधात एकत्र कुटुंबपद्धतीवर चार पाने लिहून बसता. उलट २०१० च्या घरयादीच्या (माणसे मोजण्याआधी घरांची नोंद झाली त्या टप्प्याच्या) तक्त्यांत संस्थात्मक कुटुंबे नाहीत. देशपातळीवर पाहा, घरयादीत कुटुंबे २४.६७ कोटी आणि गोषवाऱ्यात २४.९५ कोटी. एका तक्त्यातली माणसे दुसऱ्या तक्त्यातल्या कुटुंबांनी भागू नका. घरयादीत गावपातळीवर एका माणसाची घरे किती टक्के, दोन माणसांची किती, असे मिळते. माझ्या मते राजापूरसारख्या तालुक्यात सरासरीपेक्षा तेच बोलके आहे.

२०२१ च्या शेवटी ‘देशात आता हजार पुरुषांमागे १०२० स्त्रिया’ अशी बातमी गाजली, आठवत असेल. तो आकडा पाचव्या आरोग्य पाहणीच्या घरांतला. बराकीतला जवान आणि वसतिगृहातला विद्यार्थी त्यात नाही. तो देशाचा म्हणून प्रबंधात टाकलात तर परीक्षक तिथेच पकडतील, आणि माझे विचाराल तर पकडायलाच हवे. शिवाय ही पाहणी जिल्ह्यामागे साधारण नऊशे घरांची. त्यातून तालुका काढायला जाऊ नका.

आणि ११२२ ला ‘कोकणात मुलींचे स्वागत’ असा मथळा कृपा करून देऊ नका. ० ते ६ वयात जिल्ह्यात हजार मुलांमागे मुली ९४० च्या आसपासच आहेत. बायका जास्त दिसतात कारण बाप्ये मुंबईला आहेत. मुंबईचे ८३२ आणि आपले ११२२ शेजारी ठेवून पाहा. २००१ ते २०११ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, ती त्याच वाटेने.

आता मी आकडे मागायला गेलो त्या कार्यालयाबद्दल. नाव घेत नाही, तिथली माणसे बदलली असतील. मला गावनिहाय वयोगट हवे होते, तुम्हाला हवे आहेत तसेच. चार खेपा घातल्या, पहाटेच्या एस्टीने. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर. दुसऱ्यांदा “अर्ज करा”. तिसऱ्यांदा “तक्ते वरून यायचे आहेत, पुढच्या आठवड्यात या”. चौथ्यांदा मतदार यादीच्या बेरजेचा कागद हातात. मतदार यादी! अठराच्या आतले त्यात नाहीत, आणि मुंबईला गेलेला नाव काढतोच असे नाही. खरी गोष्ट एका ओळीची होती: पाच वर्षांच्या वयोगटांचे तक्ते जिल्ह्यापर्यंतच प्रसिद्ध होतात, गावाला वयाबद्दल ० ते ६ एवढाच रकाना असतो. “नाही” म्हणायला काय जात होते? माझे दोन महिने ह्या न उच्चारलेल्या शब्दाने खाल्ले. तुम्ही ती खेप घालू नका. माहितीच्या अधिकाराचाही उपयोग नाही, घराघराचे भरलेले जनगणना फॉर्म १९४८ च्या कायद्याच्या कलम १५ खाली बंद आहेत.

म्हणजे गावाची वये तुम्हालाच गोळा करावी लागणार. वय सरळ विचारलेत तर सगळे पन्नास, पंचावन्न आणि साठचे निघतील. आम्ही कोयनेच्या भूकंपावरून विचारायचो, डिसेंबर १९६७. “तेव्हा शाळेत जात होता की कडेवर होता?” ह्याने निदान पाच वर्षांचा गट बरोबर लागतो.

कुटुंब मोजताना रेशनकार्डे मोजू नका. जनगणनेचे कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारे. एका छपराखाली तीन भाऊ आणि तीन चुली असतील तर कुटुंबे तीन. कार्डे तीन पण चूल एक, तर कुटुंब एक. बाहेरून हे कळत नाही, पडवीतून आत बघावे लागते, आणि त्यासाठी तुमच्या गटात एखादी मुलगी असू द्या. आंब्याच्या बागेतल्या खोपीत राहणारे राखणदारही विसरू नका. आम्ही वाडीवाडीने फिरलो आणि त्यांना साफ विसरलो होतो.

जनगणनेचे तक्ते जोडताना गावाच्या नावावर जाऊ नका, जनगणनेने प्रत्येक गावाला दिलेला सहा आकडी कोड वापरा. खुर्द आणि बुद्रुक रोमन लिपीत कसेही लिहिलेले असतात. वाड्या वेगळ्या मिळणार नाहीत, त्या महसुली गावातच. शून्य लोकसंख्येचे गाव दिसले तर ती टंकलेखनाची चूक समजून काढू नका, बेचिराख, म्हणजे कोणीच राहत नाही अशी गावे खरोखर असतात. तुलनेला ठाणे जिल्हा घेणार असाल तर २०११ च्या ठाण्यात पालघर आहे, तो १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला.

पुढच्या जनगणनेचा हिशोबाचा क्षण १ मार्च २०२७ ठरला आहे. प्रबंधाची मुदत त्याआधीची असेल तर तुमची पाहणी फेब्रुवारीतच बसवा, नंतर ताडून बघता येईल. प्रश्नावली तयार झाली की इथे टाका, मी बघून देतो. पहिला प्रश्न “तुमच्या घरात माणसे किती” असाच असला तर मात्र पुढचे वाचणार नाही.