दंडाची पावती नाही म्हणून वनदावा फेटाळला

प्रश्न : आम्ही आदिवासी. आजोबांपासून कसत आलेल्या वनजमिनीवरचा आमचा दावा ‘(अतिक्रमणाबद्दल वनखात्याने केलेल्या) दंडाची पावती नाही’ एवढ्याच कारणावरून उपविभागीय समितीने फेटाळला. आता जमीन सोडावी लागेल का?
– एक वाचक, जव्हार

उत्तर : जमीन सोडू नका. इंग्रजांच्या १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांना अतिक्रमणदार ठरवले आणि आज त्याच ‘गुन्ह्या’ची पावती त्यांच्याकडे हक्काचा पुरावा म्हणून मागितली जाते, हे मला फार अन्यायाचे वाटते. २००६ च्या वनहक्क कायद्याला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा हवा आहे, पावती नव्हे. आजोबांनी घातलेले बांध, विहीर, झोपडीचा चौथरा, गावातल्या वयस्कर माणसाचा लेखी जबाब, हे सारे या कायद्याखालच्या नियम १३ प्रमाणे पुरावेच आहेत आणि समितीला एकाच प्रकारच्या कागदाचा हट्ट धरता येत नाही. नकाराचा सकारण लेखी आदेश मागून घ्या. तो हाती पडल्यापासून ६० दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे अपील करा. पडताळणी पूर्ण होईपर्यंत कलम ४(५) नुसार तुम्हाला जमिनीवरून हटवता येत नाही. अपिलाची पोच मात्र शिक्क्यासह घ्या.