मुलीच्या दुसरीच्या वर्गात ऑटिझम असलेला मुलगा आहे. 2 एप्रिलला वर्गातल्या मुलांशी मी काय बोलावं?

तुम्ही लिहिलंय की 2 एप्रिलला, जागतिक ऑटिझम जागरूकता दिनी, शाळेने तुम्हाला पालक म्हणून अर्धा तास दिलाय, विषय 'ऑटिझम आणि दयाळूपणा', आणि तो मुलगाही त्या वेळी वर्गातच असेल. मी 19 वर्षं पहिली ते चौथीला शिकवतेय. वर्गाशी असं बोलायचा माझा पहिला प्रयत्न पार चुकला, म्हणून आधी ती चूकच सांगते.

माझाही दुसरीचाच वर्ग होता. मी त्या मुलाला हजेरीपट घेऊन ऑफिसात पाठवलं आणि तो परत येईपर्यंत बाकीच्यांना सांगितलं की तो जरा वेगळा आहे, त्याला काही गोष्टी कळत नाहीत, आपण सगळ्यांनी त्याला सांभाळून घ्यायचं. मुलं गुणी होती, सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवसापासून अख्खा वर्ग त्याला सांभाळायला लागला. कोणी त्याच्या दप्तराची चेन लावून देई, कोणी त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपणच देऊन टाकी. त्याच्याशी बोलताना मुलं तान्ह्या बाळाशी बोलावं तसा आवाज काढायची.

आठवड्याभराने मधल्या सुट्टीत मैदानावरून ओरडणं ऐकू आलं. पकडापकडी चालली होती. तो मधोमध उभा राहून, दोन्ही कान दाबून, एकच शब्द ओरडत होता, "आउट! आउट! आउट!" ज्याच्यावर राज्य होतं तो मुलगा धापा टाकत माझ्याकडे आला. "बाई, मी त्याला पकडलं होतं, पण सोडून दिलं. त्याला आउट करायचं नाही ना आपण?"

तो पकडला गेला होता. नियमाप्रमाणे राज्य त्याच्यावर यायला हवं होतं. शाळेच्या दिवसभराच्या गोंधळात त्याला भक्कम वाटणारी जी थोडी ठिकाणं होती, त्यातलं एक म्हणजे खेळाचे नियम, आणि तेच सगळ्यांनी मिळून, हसऱ्या चेहऱ्याने, त्याच्या भल्यासाठी मोडलं होतं. माझ्या शिकवणीने त्याला वर्गाचं कच्चं लिंबू करून टाकलं होतं. कच्चं लिंबू सगळ्यांबरोबर धावतं, ओरडतं, पण त्याच्यावर कधी राज्य येत नाही आणि भिडू मोजताना त्याला कोणी मोजत नाही. लहानपणी आपल्यापैकी पुष्कळांनी ते सोसलंय, तेव्हा ते काय असतं हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

सात वर्षांच्या मुलांकडे दया भरपूर असते. त्यांच्याकडे माहिती नसते. समोरच्याला नेमकं काय हवंय हे ठाऊक नसेल तर चांगल्या मनाचं मूल कीव करायला लागतं आणि घाबरट मूल लांब पळतं. तुमच्या अर्ध्या तासात हीच माहिती जावी असं मला वाटतं, आणि ती 'ऑटिझम'बद्दल कमी, त्या एका मुलाबद्दल जास्त असावी.

म्हणून पहिलं काम: या आठवड्यात त्याच्या आईवडिलांशी बोला. त्याला ऑटिझम आहे हे वर्गाला सांगावं का, हे त्यांनी ठरवायचंय. शाळेने ठरवायचं नाही, तुम्ही तर नाहीच. आणि त्या मुलाला स्वतःबद्दल ते माहीत आहे का हेही विचारा. भर वर्गात, वीस-पंचवीस मुलांबरोबर, स्वतःविषयी हा शब्द पहिल्यांदा कानावर पडावा यासारखी वाईट गोष्ट नाही. त्यांची परवानगी नसेल तर ऑटिझमचं नावही न घेता हे सगळं बोलता येतं.

माझ्या वर्गात दुसऱ्या खेपेला त्याच्या आईने त्यालाच विचारलं, तुझ्या वर्गाला काय काय माहीत असायला हवं? त्याने सांगितलं, आईने कागदावर उतरवलं, मी वाचून दाखवलं. तो पहिल्या बाकावर, मान खाली घालून, पेन्सिलीचं टोक चाचपत बसला होता. कागदावर असं होतं:

'मागून येऊन हात लावू नका. मी तुमच्याकडे बघत नाही तेव्हा पण मी ऐकतो. घंटेचा आवाज मला दुखतो. मी हात हलवतो तेव्हा मला बरं वाटत असतं, ते थांबवू नका. मी आउट असलो तर आउट म्हणा.'

एवढंच होतं, आणि माझ्या दहा मिनिटांच्या भाषणाने जे बिघडवलं होतं ते या पाच ओळींनी सावरायला सुरुवात झाली. मुलांना आता काहीतरी करता येत होतं. मागून यायचं असेल तर आधी नाव घ्यायचं, हे सात वर्षांच्या मुलाला जमतं. 'प्रेमाने वागा' म्हणजे नेमकं काय करायचं, ते मोठ्यांनाही कळत नाही.

त्यातल्या दुसऱ्या ओळीवर थोडं थांबते. आपल्याकडे ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतात. शब्द ऐकायला सुंदर आहे, पण तो ऐकला की वाटतं, हे मूल आपल्याच नादात आहे, त्याला आपली गरज नाही. मूळ शब्दाचंही तेच. 1911 च्या सुमारास ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो घडवला, तोही स्किझोफ्रेनिया या मनोविकाराच्या संदर्भात, आणि पुढे तो या मुलांना चिकटला. आमच्या वर्गातला तो मुलगा खिडकीकडे बघत बसलेला असे, आणि विचारलं तर मी काय सांगितलं ते शब्दन् शब्द म्हणून दाखवी. डोळ्यात डोळे घालून ऐकायचं म्हटलं की मात्र त्याची सगळी शक्ती बघण्यातच संपायची. 'माझ्याकडे बघ' हे माझं वाक्य मी त्या वर्षी सोडलं. तुमच्या शाळेतल्या शिक्षकांनाही ते सोडायला सांगा.

ऑटिस्टिक मुलांना दुसऱ्याचं मन कळत नाही, हे वाक्य तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. ते मुलांना सांगू नका, कारण ते अर्धंच आहे. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश अभ्यासक. त्यांनी 2012 मध्ये मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. त्यांना आपण कळत नाही, तसे आपल्यालाही ते कळत नाहीत, मग दोष एकाच्याच पदरात का घालायचा? एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. आठ-आठ प्रौढ माणसांची साखळी केली. पहिल्याला गोष्ट सांगायची, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच टिकली जितकी एकही ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत टिकली. तपशील जास्त गळले ते मिश्र साखळीत. वर्ग ही मिश्र साखळीच असते. मुलांना हे कानगोष्टींच्या खेळासारखं सांगितलं तर पटकन कळतं.

आता घंटा. ही गोष्ट मुलांच्या हातातली नव्हती, आमच्या हातातली होती, आणि माझ्या मते इथेच बहुतेक शाळा कमी पडतात. मुलांना दयाळू व्हायला सांगायचं आणि घंटा मात्र त्या मुलाच्या डोक्यावर वाजत ठेवायची. आमच्या वर्गाबाहेरच घंटेचा कर्णा होता. तो जिन्याच्या पलीकडे हलवायला एक माणूस आणि एक दुपार लागली. घंटेआधी पाच मिनिटं मी फळ्याच्या कोपऱ्यात एक लाल गोल काढायला लागले. दिवसाचे तास क्रमाने फळ्यावर लिहून ठेवले आणि बदल असेल तर सकाळीच खोडून दुरुस्त केला. आवाज, उजेड, कपड्याचं टोचणारं लेबल अशा गोष्टी या मुलांना कधी फार जास्त तर कधी फार कमी जाणवतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये निदानाचे निकष बदलले तेव्हा ही संवेदनांची बाब त्यात पहिल्यांदा आली. घरच्यांना ती कितीतरी आधीपासून माहीत होती.

लाल गोलाचा उपयोग आणखी निदान चार मुलांना झाला. वही भरायला वेळ लागणारी एक मुलगी तर मला म्हणाली, "बाई, आता मला धडधडत नाही."

मुलांना सर्वात जास्त भीती वाटते ती ते मूल ओरडायला, जमिनीवर पडायला, डोकं आपटायला लागलं की. याला मेल्टडाउन म्हणतात. हट्टापेक्षा हे वेगळं. हट्ट करणाऱ्या मुलाला काहीतरी हवं असतं, ते मिळालं की हट्ट थांबतो. मेल्टडाउनमध्ये मूल सौदा करत नसतं, त्याचं भांडं भरून वाहत असतं. वर्गाला एवढंच सांगा की अशा वेळी गोल करून उभं राहायचं नाही, समजूत घालायची नाही, मोठ्या माणसाला बोलवायचं आणि आपलं काम करत राहायचं. मोठ्यांनी आवाज कमी करायचा, बोलणं त्याहून कमी, आणि थांबायचं. नंतर 'काय झालं होतं रे तुला?' असं कोणी विचारायचं नाही. ते मूल आधीच लाजेने अर्धमेलं झालेलं असतं.

एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणं, याच्यावर मुलं हसतात. त्यांना मी लिओ कॅनरची एक गोष्ट सांगते. याच डॉक्टरांनी 1943 मध्ये अकरा मुलांचं वर्णन करून ऑटिझम वैद्यकापुढे आणला. त्यांच्याकडे येणारा एक मुलगा मधेच म्हणायचा, 'कुत्र्याला बाल्कनीतून टाकू नको.' आसपास कुत्रा नाही, बाल्कनी नाही. शोध घेतल्यावर कळलं की काही वर्षांपूर्वी एका हॉटेलात तो खेळण्यातला कुत्रा बाल्कनीतून खाली टाकायचा आणि तो उचलून आणून दमलेली आई त्याला हे म्हणाली होती. तेव्हापासून काहीही फेकावंसं वाटलं की तो हेच वाक्य म्हणून स्वतःला आवरायचा. ही गोष्ट ऐकल्यावर माझ्या वर्गातली मुलं हसायची थांबली आणि शोध लावायला लागली. 'दार लावा, गार लागतंय' असं आमचा मुलगा भर उन्हाळ्यात म्हणायचा. त्याचा अर्थ 'मला इथून जायचंय' असा होता, हे माझ्याआधी एका मुलीने ओळखलं.

त्याच मुलीला मग मी त्याची 'मदतनीस' नेमलं, आणि ही माझी दुसरी चूक. प्रत्येक वर्गात अशी एक शहाणी, समंजस मुलगी असते आणि सगळी ओझी तिच्याच डोक्यावर येतात. महिन्याभरात ती कंटाळली, आणि कंटाळले असं म्हणायची तिला चोरी. मैत्री अशी नेमून होत नाही. त्याला कुलपांचं वेड होतं. किल्लीला दात का असतात, आतल्या पिना कशा वर-खाली होतात, हे तो चित्र काढून दाखवायचा. मागच्या बाकावर एक मुलगा होता, वस्तू उघडून मोडून ठेवल्याबद्दल रोज बोलणी खाणारा. मी एक जुनं बंद पडलेलं कुलूप आणलं आणि दोघांच्या मध्ये ठेवलं, बाकी काही केलं नाही. पुढची दोन वर्षं ते दोघे शेजारी बसले. बोलायचे फारसं नाहीत, पण एक आला नाही की दुसऱ्याचं लक्ष दाराकडे.

मुलं तुम्हाला प्रश्न विचारतील. 'तो बरा कधी होणार?' याला सरळ उत्तर द्या, तो आजारी नाहीये, त्याचा मेंदू जन्मापासून असाच काम करतो, मोठा झाल्यावरही तो ऑटिस्टिकच असेल आणि खूप काही शिकलेला असेल. 'आम्हालाही होईल का?' नाही, हे एकमेकांमुळे होत नाही. 'त्याला हेडफोन चालतात, मग आम्हाला का नाही?' या प्रश्नावर मुलांना दटावू नका. अन्याय होतोय असं वाटणं रास्त आहे. मी हेडफोनची एक जोडी कोपऱ्यात सगळ्यांसाठी ठेवली. आठ दिवस गर्दी झाली, मग ज्यांना खरंच लागते तेवढेच उरले.

पालकांचे प्रश्न जास्त अवघड असतात. लसीमुळे होतं, असं कोणीतरी म्हणेलच. ज्या 1998 च्या निबंधावरून ही भीती पसरली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतलाय, आणि पुढच्या मोठमोठ्या अभ्यासांत असा संबंध सापडलेला नाही. आईने लक्ष दिलं नाही म्हणून झालं, ही कुजबुज मला सर्वात क्रूर वाटते. थंड स्वभावाच्या आईमुळे ऑटिझम होतो ही कल्पना एकेकाळी डॉक्टरही मानत. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, ज्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता, 1964 मध्येच ती मोडीत काढली. तुमच्या ओळखीच्या कोणी ती त्या मुलाच्या आईच्या पाठीमागे उच्चारली तर तिथल्या तिथे अडवा. तुम्ही एवढं केलंत तरी तिचं शाळेच्या फाटकाशी उभं राहणं सोपं होईल.

आणखी एक. वर्गात बोलताना 'आपल्या शाळेतला तो एक' असं धरून चालू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात साधारण 127 माणसांमागे एक व्यक्ती ऑटिस्टिक होती. चारशे मुलांच्या शाळेत म्हणजे तीन. मुलींचं निदान पुष्कळदा उशिरा होतं किंवा होतच नाही, कारण त्या इतरांचं बघून हुबेहूब तसं वागायला शिकतात, दिवसभर स्वतःला आवरतात आणि घरी गेल्यावर कोसळतात. तुमच्यासमोर अगदी शहाण्यासारखी बसलेली एखादी मुलगी तुमचं बोलणं स्वतःबद्दल म्हणून ऐकत असेल.

2 एप्रिलच्या कार्यक्रमाबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. संयुक्त राष्ट्रांनी 2007 मध्ये ठराव करून हा दिवस ठरवला आणि 2008 पासून तो पाळला जातो. सभागृहात सगळी शाळा जमवून, लाउडस्पीकर लावून, फुगे फोडून तो साजरा करू नका. मी अशा एका कार्यक्रमात ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो मुलगा पडद्यामागे, दप्तर डोक्यावर धरून बसलेला पाहिलाय. वर्गातच बसा, पंखा कमी करा, मुलांना टाळ्यांऐवजी हात हवेत हलवायला सांगा. त्याने काही लिहून दिलं असेल तर तेच वाचा. आणि त्या दिवशी त्याला वर्गात बसायचं नसेल तर तेही चालेल, पण त्याच्याबद्दल काय बोलणार आहात ते त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा.