श्रद्धा उरली नाही, मग जगायचं कशासाठी?

"मॅडम, नोकरी आहे, घर आहे, माणसं आहेत. पण देवावरचा विश्वास उडाला आणि हे सगळं कशासाठी, तेच कळेनासं झालं." शब्द थोडे बदलतात, पण हे वाक्य मी आता इतक्यांदा ऐकलंय की त्यावर लिहायलाच हवं.

त्यातलेच एक गृहस्थ, पंचेचाळिशीचे. (ओळखीचे तपशील बदलले आहेत.) आठवडाभर बरे असत, रविवारची दुपार कलली की मन बसायचं. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी या रविवारच्या पोकळीची नोंद कधीच करून ठेवली आहे. काम थांबलं की ती जाणवू लागते. झोप, भूक, कशातच रस नसणं, हे आधी विचारून घेतलं. अशा तक्रारी दोन आठवड्यांच्या वर टिकल्या असतील तर आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटावं. यांचं तसं नव्हतं.

"प्रार्थना करून पाहिली. खोटं वाटलं."

"मग करू नका."

ते चमकून बघत राहिले. मनाला न पटणारी प्रार्थना मी कुणालाही करायला सांगत नाही. तिनं पोकळी वाढते.

पाचव्या भेटीत विचारलं, "हा प्रश्न पडलाच नाही, असा वेळ अलीकडे कधी गेला?"

बऱ्याच वेळानं, संकोचून म्हणाले, "एका अंध विद्यार्थ्याचा लेखनिक म्हणून बसलो होतो. तीन तास. उत्तर त्याचं, अक्षर माझं. पण यात अध्यात्म कुठंय?"

"त्यानं चुकीचं उत्तर सांगितलं तेव्हा काय केलंत?"

"तसंच लिहिलं. हात अडखळला, पण तसंच लिहिलं."

"कुणाच्या धाकानं?"

"धाक कसला? ते त्याचं होतं." आणि त्यांचे डोळे भरून आले.

मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला अनेक वर्षांच्या कामानं शिकवलंय, आणि ते जमतं याचं समाधानही आहे. मग इतकंच म्हटलं, "ज्याला हात लावायला तुम्ही धजला नाहीत, ते तुमच्यासाठी पवित्र आहे. श्रद्धा गेली, पण हे गेलेलं नाही."

1942 ते 1945 नाझी छळछावण्यांत काढलेले फ्रँकल सांगत की जगण्याचा अर्थ काय, असं आपण विचारायचं नसतं. प्रश्न जीवन विचारतं, उत्तर आपण द्यायचं असतं. निरोगी डोळ्याला स्वतःचं काही दिसत नाही, बाहेरचं जग दिसतं; मोतीबिंदू झाला की मात्र त्याला स्वतःतलाच पडदा दिसू लागतो, हा दृष्टान्तही त्यांचाच. माणसाचंही तसंच, अर्थ स्वतःत डोकावून नव्हे, बाहेर कुणाकडे, कशाकडे तरी बघताना सापडतो. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी देव आहे की नाही, याचा निकाल आधी लावायला सांगत नाही. कुणाचं काम, कुणाची सोबत, कुठलं दुःख तुमची वाट पाहतंय, ते शोधा. आणि तुम्ही काय कधीच करणार नाही, तेही लिहून काढा. पुष्कळदा तिथंच धागा सापडतो.

शेवटच्या भेटीत ते म्हणाले, "रविवारी अजून जड वाटतं. पण पुढच्या परीक्षेलाही त्यानं मलाच विचारलंय."