‘तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात’ याचा रोजच्या जगण्यात अर्थ काय?

हे वाक्य येशूच्या डोंगरावरील प्रवचनातलं, बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, ५:१३. लोक बहुतेक वेळा फक्त चवीचा अर्थ घेतात. पण त्या काळी मीठ म्हणजे आधी टिकवण्याचं साधन. मासे, मांस सडू नये म्हणून चोळायचे. म्हणजे जिथे लबाडी, कुजकेपणा शिरतोय तिथे विश्वासणाऱ्याने असायला हवं, बरणीत बंद राहून नव्हे.

मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: मीठ विरघळतं. पदार्थात ते दिसत नाही, नसलं की मात्र लगेच कळतं. आणि जास्त झालं तर? घास थुंकावा लागतो. सतत उपदेश करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं (मीही त्यातलाच होतो). येशूचा प्रेषित पौलही बायबलमधल्या ‘कलस्सैकरांस’ या पत्रात (४:६) बोलणं ‘मिठाने रुचकर’ असावं म्हणतो, तेही कृपायुक्त.

त्याच वचनात पुढे येशू विचारतो, मिठाचा ‘खारटपणा गेला तर’ तो परत कशाने आणणार? हे कोडं वाटतं, कारण शुद्ध मिठाची चव जात नाही. अनेक अभ्यासक सांगतात की मृत समुद्राकडचं मीठ भेसळीचं असे. ओल लागली की खरं मीठ वाहून जाई आणि मिठासारखा दिसणारा बेचव चुरा उरे. नावापुरता ख्रिस्ती म्हणजे तो चुरा.