खाली पिवळा चार, वर पांढरा चार

प्रश्न : काका, परीक्षा संपल्यापासून ट्रेन सिम वर्ल्ड या रेल्वे चालवण्याच्या गेममध्ये जर्मन मार्ग चालवतेय. एका ठिकाणी सिग्नल हिरवा होता, पण लुकलुकत होता आणि खाली पिवळा 4 होता. हिरवा आहे म्हणून 120 नेच गेले, तर इमर्जन्सी ब्रेक आपोआप लागला. दुसऱ्या खेपेला पांढरा 4 ओलांडल्यावर तीन-चार किलोमीटर 40 नेच रखडले आणि गाडी लेट झाली. नेमकं चुकतंय कुठे? – बारावीतली वाचक, लांजा

उत्तर : चूक तुझी नाही, सवयीची आहे. मी उभी नोकरी रत्नागिरीच्या अलीकडे-पलीकडे इंजिनात काढली. नातवाने हा खेळ लावून दिला तेव्हा पहिल्याच दिवशी मीही असाच आपटलो.

आपल्याकडे सिग्नल सांगतो की पुढचा सिग्नल कसा आहे, आणि फाटा असेल तर पांढऱ्या दिव्यांच्या तिरक्या ओळीने सांगतो की कुठल्या लाइनीवर वळायचंय. लूपवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या लाइनीवर, 15 ने जायचं की 30 ने, हे ड्रायव्हरने रोड लर्निंगमध्ये, म्हणजे मार्ग शिकताना, घोकलेलं असतं. जर्मन सिग्नल मार्ग क्वचित सांगतो, तो वेग सांगतो. म्हणून आकडा. त्याला दहाने गुणायचं, की ताशी किलोमीटर मिळतात.

आकडा सिग्नलच्या वर पांढरा असेल तर तो इथूनच लागू. खाली पिवळा असेल तर तो पुढच्या मुख्य सिग्नलपाशी लागू होणार, आत्ता फक्त तयारी. तुझा लुकलुकता हिरवा तेच ओरडून सांगत होता. मेन लाइनवर या सिग्नलपासून त्या पुढच्या सिग्नलपर्यंत अंतर साधारण 1000 मीटर. कधी एकाच खांबावर दोन्ही दिसतात. वर पांढरा 8, खाली पिवळा 4 म्हणजे आत्ता 80, पुढे 40. न लुकलुकणारा हिरवा आणि आकडा नाही, तर खुशाल जा. पिवळा दिवा म्हणजे पुढचा सिग्नल लाल. जुन्या पद्धतीच्या सिग्नलवर हिरव्याखाली पिवळा लागला आणि आकडा नसला, तर 40 धरायचे.

ब्रेक लावला तो पीझेडबीने, म्हणजे ड्रायव्हरवर नजर ठेवून गाडी आपोआप थांबवणाऱ्या जर्मन यंत्रणेने. अशा सिग्नलपाशी रुळाच्या कडेला 1000 हर्ट्झचा चुंबक जागा असतो. त्यावरून गेलीस की चार सेकंदांत ‘वाखझाम’चं, म्हणजे ‘मी सावध आहे’चं बटण दाबायचं. नाही दाबलं तर गाडी उभी. दाबलं तरी सुटका नाही. प्रवासी गाडीच्या ‘ओ’ मोडमध्ये 23 सेकंदांत 85 च्या खाली यावं लागतं. 700 मीटरनंतर ‘फ्राय’, म्हणजे ‘मोकळं’चं बटण दाबून सुटता येतं, पण पुढचा सिग्नल डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते बटण दाबू नकोस. तो लाल असेल तर त्याच्या 250 मीटर आधी 500 हर्ट्झचा चुंबक वाट बघत असतो. मी पहिल्याच दिवशी त्यात सापडलो.

आता रखडण्याचं. पांढरा 4 पुढच्या सिग्नलपर्यंत नसतो, तो ज्या सिग्नलवर दिसतो त्याच्या लगेच पुढच्या सांध्यांपुरता, म्हणजे गाडी एका लाइनीवरून दुसरीवर नेणाऱ्या पॉइंट्सपुरता असतो. शेवटचा डबा सांध्यांवरून सुटला की लाइनीचा वेग धरायचा. ‘शेवटचा’ हा शब्द विसरू नकोस. इंजिन बाहेर आलं म्हणून नॉच, म्हणजे इंजिनाचा जोर, वाढवलीस तर मागचे डबे अजून सांध्यावरच असतात. लाइनीच्या वेगाचे फलक वेगळे. टोक खाली असलेला पिवळा त्रिकोण आधी सूचना देतो, मग पांढऱ्या आयतावर काळा आकडा येतो, तिथून तो वेग. रुळांचं काम चालू असेल तर पिवळ्या फलकावरच्या ‘ए’ला तात्पुरती मर्यादा सुरू, पांढऱ्यावरच्या ‘ई’ला संपली. हा ‘ई’ म्हणजे आपला टी/पी, प्रवासी गाडीची वेगमर्यादा संपल्याचा फलक. कोलोन–ड्युरेनसारख्या 250 च्या पट्ट्यावर वेग एलझेडबी नावाची यंत्रणा कॅबमध्ये, म्हणजे ड्रायव्हरच्या समोरच, दाखवते, ते पुढच्या पत्रात विचार.

एक करून बघ. आम्ही असिस्टंटबरोबर प्रत्येक सिग्नल मोठ्याने पुकारायचो. मुसळधार पावसात समोरचं धड दिसेना आणि 40 च्या वर जायची सोय नसली, तरी तोंड बंद नसायचं. तूही पुकार : “खाली चार, पिवळा! वाखझाम!” आमच्याकडे आतून आवाज येतो, “कोणाशी बोलताय हो?” मी म्हणतो, “जर्मनीशी.” मग चहा थोडा उशिरा येतो.