अकरावीतला मुलगा म्हणतोय, माउंटन बाइक रेसर व्हायचंय

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. थोडक्यात असं, की मुलगा अकरावी सायन्सला आहे, जेईईचा क्लास लावलाय, पण पहाटे पाचला उठून सायकल घेऊन वेताळ टेकडीवर जातो, चिखलात माखून परत येतो, सायकल तशीच बेडरूममध्ये आणून ठेवतो आणि क्लासमध्ये पेंगतो. आता त्याला दीड लाखाची सायकल हवीय आणि बारावीनंतर एक वर्ष फक्त एमटीबी (म्हणजे माउंटन बाइकिंग) करायचंय. बाबा म्हणतात सायकल चालवून कुणाचं पोट भरलंय का, आणि तुम्ही त्याला सांगितलंत, "बारावी होऊ दे, मग काय ते कर."

आधी तुमच्या त्या वाक्याबद्दल बोलते, कारण हेच वाक्य काही वर्षांपूर्वी मीही एका मुलाला ऐकवून मोकळी झाले होते आणि ते चुकलंच. या खेळात ज्युनिअर गट 17 आणि 18 वर्षांचा, तोही जन्मतारखेवर नाही तर त्या कॅलेंडर वर्षात वय किती होतं त्यावर. तुमचा मुलगा या डिसेंबरच्या आत 17 पूर्ण करतोय, म्हणजे यंदा आणि पुढचं वर्ष एवढंच त्याचं ज्युनिअर. नेमकी अकरावी-बारावी. 'नंतर' म्हणाल तेव्हा तो गट संपलेला असेल. पण पुढे 19 ते 22 हा अंडर-23 गट असतो, आणि ही तर सरळ कॉलेजचीच वर्षं झाली, त्यामुळे गॅप घ्यायची मला काही गरज दिसत नाही. पुण्यात राहून डिग्री करता करता चार वर्षं रेसिंग करून बघता येतं.

बरं, तो टेकडीवर जे करतो त्याला रायडिंग म्हणतात. रेसिंग वेगळं. टेकडीवर दम लागला की थांबता येतं, फोटो काढता येतो, खाली येऊन पोहे खाता येतात. ऑलिंपिकमध्ये जो प्रकार आहे (1996 च्या अटलांटापासून आहे) त्याला क्रॉस-कंट्री म्हणतात, काही किलोमीटरचा लॅप, तो पुन्हा पुन्हा मारायचा, मोठ्यांची रेस साधारण दीड तासाची, आणि सुरुवात अशी की जणू शंभर मीटरची शर्यतच आहे, कारण पुढे वाट एका सायकलपुरती अरुंद होते आणि तिथे जो मागे अडकला तो अडकलाच. त्यात उभं राहायची जागा रँकिंगनुसार, म्हणजे नवा पोरगा सगळ्यात मागे. वर 80 टक्क्यांचा नियम, पहिल्या नंबरवाल्याच्या पहिल्या लॅपच्या वेळेपेक्षा 80 टक्क्यांहून जास्त हळू पडलात की रेसमधून बाहेर काढतात. पहिल्या मोठ्या रेसमध्ये त्याचं असं होऊ शकतं. त्यानंतरच्या सोमवारी तो पाचला उठतो का, एवढंच मला बघायचंय.

दीड लाखाची सायकल आत्ता नको. चांगली सेकंडहँड हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) बघा, हेल्मेट मात्र नवीनच घ्या, आणि उरलेले पैसे टायर, ब्रेक पॅड, प्रवास आणि एंट्री फीला ठेवा, खरा खर्च तिथेच होतो. आणि त्याला तुमच्यासमोर मागचं चाक काढायला सांगा (ओट्यावर नको, बाल्कनीत), ट्यूबलेस टायर उतरवून, सीलंट (पंक्चर बुजवणारं द्रव) भरून परत बसवून दाखव म्हणावं. ही काही गंमत नाही. रेसमध्ये मेकॅनिकची मदत फक्त ठरलेल्या जागी मिळते, मधे काही झालं तर स्वतःच निस्तरायचं. पॅरिस ऑलिंपिकला 2024 मध्ये ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचं पुढचं चाक पंक्चर झालं, चाक बदलेपर्यंत अर्ध्या मिनिटाहून जास्त गेलं, तरी त्याने एकेकाला गाठत गोल्ड मारलं. बाबांना तो व्हिडिओ दाखवा, जमलं तर मुलगा घरात नसताना.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर, पोट भरतं, पण फार थोड्यांचं. युरोपात सायकल कंपन्यांच्या टीम आहेत, त्या पगार देतात. स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर मोठ्यांच्या गटात 2009 मध्ये पहिल्यांदा वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि दहाव्यांदा झाला तो 2022 मध्ये, 36 व्या वर्षी! आपल्याकडे बक्षिसाच्या पैशावर घर चालत नाही. सायकलिंगवाल्यांना सर्व्हिसेस (म्हणजे सैन्यदलं) आणि रेल्वेचा आधार असतो, महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण कुठल्या स्पर्धेतलं कुठलं सर्टिफिकेट चालतं याच्या अटी आहेत, पडताळणीही होते, म्हणून खेळायच्या आधीच जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारून या, नंतर नको. बाकी कोचिंग, बाइक फिटिंग, सर्व्हिसिंग, टूर नेणं यावर जगणारे आहेत, आणि सच्चे आहेत, पण ते रेसर म्हणून नाही कमवत हे त्याला कळू दे.

पेंगण्याबद्दल. तो पाचला उठतो हे लिहिलंत, झोपतो कधी ते नाही लिहिलंत. मला वाटतं बारा-साडेबारा. साडेनऊला मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला, ही अट घाला, आणि जेईईसाठी नका म्हणू, ट्रेनिंगसाठी म्हणा, लगेच ऐकेल. आठवड्यातून तीनच पहाटे टेकडी, रविवारी लांब राइड, हवं तर बोपदेव नाहीतर सिंहगडाचा घाट, कारण मोठे रेसरसुद्धा बरंच ट्रेनिंग रोडवरच करतात.

अजून एक, जिममधल्या कुणी दिलेली पावडर घेत असेल तर आजच बंद. डोपिंग टेस्टमध्ये 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटका होत नाही, शरीरात काय गेलं त्याची जबाबदारी खेळाडूचीच, ज्युनिअर असला तरी.

एक सीझन द्या, तीन-चार रेस, क्लास चालू ठेवून. मग दोघं या माझ्याकडे, तो रिझल्ट घेऊन आणि तुम्ही मार्कशीट घेऊन.

आणि हो, सायकल बेडरूममध्येच राहू द्या, पार्किंगमधून गेली तर परत मिळायची नाही. चाकांखाली जुनी चादर टाकायला सांगा, आणि ती चादर तोच धुणार.