सीमेक ४ आणि जुनी लायब्ररी: नुसता आकडा बदलू नका

तुमची अडचण अशी दिसते: विजयनगरच्या ऑफिसात नवे लॅपटॉप आले, त्यांवर सीमेक ४ (सोर्स कोडवरून प्रोग्राम बांधायची, म्हणजे बिल्डची, तयारी करणारं साधन) आहे आणि बारा वर्षांपूर्वीची लायब्ररी कॉन्फिगरच होत नाही, बिल्डच्या आधीच एरर येते. एक सहकारी म्हणतो, लायब्ररीच्या फाइलीत लिहिलेला सीमेकच्या किमान व्हर्जनचा आकडा २.८.१२ वरून ३.५ करा आणि लायब्ररीचे जुने बिल्ड-पर्याय पुसून टाका. दुसरा म्हणतो, कमांडवरच ‘पॉलिसी व्हर्जन मिनिमम’ ३.५ द्या, काम चालेल.

तपासल्याशिवाय यातलं काहीही करू नका. मार्च २०२५ मध्ये आलेल्या सीमेक ४.० ने ३.५ च्या आधीच्या वागणुकीला दिलेला आधार काढून घेतला, म्हणून ही एरर येते. पण त्या आकड्यावरून सीमेक आपण कसं वागायचं तेही ठरवतं. २.८.१२ चं ३.५ केलं की चाळीसेक पॉलिसी (सीमेकच्या वागण्याचे नियम) एकदम जुन्याच्या नव्या होतात. कमांडवरून दिलं तरी तेच.

मी यात पोळलो आहे. पीथमपूरच्या एका कारखान्यासाठी आम्ही प्रोग्राम द्यायचो, त्याच्या प्रत्येक रिपोर्टवर व्हर्जन छापलेलं असायचं. मी आकडा वाढवला, बिल्ड स्वच्छ झालं, आणि रिपोर्टवर व्हर्जनची जागा कोरी! आमच्या फाइलमध्ये ‘प्रोजेक्ट व्हर्जन’ हे व्हेरिएबल प्रोजेक्ट कमांडच्या आधी सेट केलं होतं. पॉलिसी ००४८ नवी झाली की प्रोजेक्ट कमांड ते रिकामं करते. सीमेक कितीतरी दिवस हीच वॉर्निंग देत होतं, आम्ही वाचत नव्हतो. आकडा वाढवला आणि ती वॉर्निंगही गेली. कारण सापडायला दीड दिवस लागला.

म्हणून आधी सीमेक ३ चं एखादं व्हर्जन घेऊन, आकडा न बदलता, कोरं बिल्ड करा आणि पॉलिसीची प्रत्येक वॉर्निंग वाचा. वरच्यासारखी ओळ असेल तर ती प्रोजेक्ट कमांडच्या खाली न्या, म्हणजे जुन्या-नव्या दोन्हीकडे चालते. मग किमान व्हर्जन ‘२.८.१२...३.१०’ असं लिहा. मधले तीन टिंब ३.१२ पासून समजतात. त्याआधीचं सीमेक पुढचा भाग सोडून देतं. एखाद्या ग्राहकाकडे अजून सेंटओएस ७ ही जुनी लिनक्स असेल, तर तिथलं मूळचं २.८.१२ सुद्धा यावर चालेल.

आता तुमच्या लायब्ररीचे स्वतःचे जुने बिल्ड-पर्याय. ते एका वेगळ्या फाइलीत आणा: जुनं नाव दिलं असेल आणि नवं दिलं नसेल, तर किंमत नव्याला द्या आणि नव्या नावासकट वॉर्निंग दाखवा. लगेच पुसू नका. ऑटोमेक या बिल्डच्याच दुसऱ्या साधनाच्या १.१३ ने जुने मॅक्रो (तयार आज्ञा) काढले तेव्हा लोकांना अगम्य एरर दिसू लागल्या, १.१३.१ मध्ये त्याजागी स्पष्ट संदेश घालावा लागला. तुम्हीही वॉर्निंगनंतरच्या टप्प्यात ‘हे नाव गेलं, आता हे लिहा’ अशी थेट एरर ठेवा. ती ओळ शेवटच्या ग्राहकाची बिल्ड स्क्रिप्ट बदलेपर्यंत राहू द्या. कोणाकडे कोणती स्क्रिप्ट आहे याची यादी मात्र आजच करायला घ्या. आम्हाला सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागला.